लाव्हा बघायला निघण्याआधी एक सकाळ सेमिनरी हिल्सला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मानेवाड्याला राहता. जूनमध्ये तुम्ही भावाकडे अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइसीला जाताय. सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई आहेत. आईंचे गुडघे दुखतात. भाऊ म्हणतो, एक दिवस ‘क्रेटर्स ऑफ द मून’ला जाऊ, तिथे लाव्हाचं मैदान आहे, गुहा आहेत. तुम्ही विचारताय: काळे दगडच बघायचे तर गाडीत तीन तास बसायचं कशाला? गुहेत जाणं सुरक्षित आहे का? सोबत काय न्यायचं? ज्वालामुखी म्हटल्यावर आई घाबरल्यात, त्यांना काय सांगायचं? आणि मुलीला तिथून एखादा दगड आणता येईल का?

मी एकतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तरी विद्यार्थ्यांना घेऊन खदानींत, घाटांत आणि नदीच्या पात्रांत गेली. मुलगी आयडाहोत राहते, त्यामुळे या जागी मी तीनदा जाऊन आले. एकदा एकटी, एकदा यजमानांबरोबर आणि एकदा सात वर्षांच्या नातवाला घेऊन. तिन्ही वेळा वेगळं काहीतरी चुकलं आणि तिन्ही वेळा परत यावंसं वाटलं.

तुमचा पहिला प्रश्न वरवर अंतराचा दिसतो. मला त्यात दुसरंच काही ऐकू येतं. नागपूरच्या माणसाला काळ्या दगडाचं अप्रूप नाही. आपण त्यावर चालतो, त्याची गिट्टी घरांच्या स्लॅबमध्ये घालतो, त्याच्या मातीत कापूस नि संत्री पिकवतो. मग तोच दगड बघायला सातासमुद्रापार जाऊन आणखी तीन तास कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तोच दगड आहे म्हणूनच तुम्ही जायला हवं. अमेरिकेतल्या बऱ्याच पर्यटकांना तिथे जे दिसत नाही ते तुम्हाला दिसू शकतं. त्यासाठी निघण्याआधी एक रविवार सकाळ इथे द्यावी लागेल.

नागपूर कुठे बसलंय हे आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असतं. सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या वर जाडीचा जो लाव्हाचा ढीग आहे, तो पूर्वेकडे येता येता पातळ होतो आणि आपल्या शहरापाशी त्याची कड येते. शहराची पश्चिम बाजू बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडावर आहे. पूर्वेकडे गेलात की त्याहून कितीतरी जुने, वेगळेच खडक लागतात. गिट्टीखदान या वस्तीचं नावच सांगतं की तिथे काय होतं. सेमिनरी हिल्सवर रस्त्याच्या कडेला जिथे टेकडी कापली आहे तिथे मुलीला घेऊन उभे राहा. खाली मुरूम, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे आणि मध्येच घट्ट काळा कातळ, असं दिसेल. हा सगळा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. टाकळीला दोन लाव्हाथरांच्या मधे तळ्यातला गाळ सापडतो. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि झाडांची फळं-बिया दगड होऊन राहिल्यात. म्हणजे एक लाव्हा आला, थंडावला, त्यावर तळी साचली, झाडं उगवली आणि मग पुढचा लाव्हा आला. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १९व्या शतकाच्या मध्यात याच परिसरातले जीवाश्म गोळा केले होते.

आता अडचण अशी की आपला लाव्हा म्हातारा आहे. वरचं कातडं कधीच झिजून गेलंय. लाव्हा वाहत असताना कसा दिसत होता, कुठे वळला, कुठे फुगला, कुठे फाटला, हे वाचायला सराईत नजर लागते. मी वर्गात फळ्यावर चित्रं काढून दमायचे, मुलं मान डोलवायची आणि परीक्षेत पाठ केलेलं लिहायची. आयडाहोतला लाव्हा मात्र काल-परवाचा आहे. सगळ्यात जुना सुमारे १५,००० वर्षांपूर्वीचा, सगळ्यात नवा साधारण २,००० वर्षांपूर्वीचा. या अवधीत आठ टप्प्यांत उद्रेक झाले आणि सुमारे १,६०० चौरस किलोमीटर जमीन लाव्हाखाली गेली. आपल्या नागपूर जिल्ह्याचा सहावा हिस्सा म्हणा. तिथे कातडं शाबूत आहे. आपल्याकडे आजीचं वय, तिथे तान्हं बाळ. दोन्ही एकाच कुळातली. हे मनात ठेवून गेलात तर तीन तास कमीच वाटतील.

एक गोष्ट नेहमी डोक्यात घोळते. तुम्ही ज्या गुहांत जाणार, त्या ज्या लाव्हात आहेत त्याला ‘ब्लू ड्रॅगन फ्लो’ म्हणतात. तो वाहिला सुमारे २,१०० वर्षांपूर्वी. जवळपास त्याच काळात आपल्याकडे अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी छिन्नी-हातोड्यानं कोरली जात होती, कोट्यवधी वर्षं थंड पडलेल्या बेसॉल्टमध्ये. इकडे माणूस दगडात पोकळी करत होता आणि तिकडे लाव्हा स्वतःच पोकळी करून निघून जात होता. मुलीला लेणं आणि गुहा यांतला फरक सांगायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

ही पोकळी होते कशी, तेही सांगते, कारण आत पाऊल ठेवल्यावर ते डोळ्यांसमोर असलं की गुहा नुसती अंधारी जागा राहत नाही. बेसॉल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि बराच पातळ असतो. वाहताना त्याचा वरचा भाग हवेनं गार होऊन त्यावर खापरी धरते. खालचा लाव्हा मात्र वाहतच राहतो, कारण वरची खापरी त्याची ऊब धरून ठेवते. शेतातला पाट वरून झाकून घेतला तर पाणी आतून वाहत राहील, तसं. उद्रेक थांबला की आतला लाव्हा उताराकडे निघून जातो आणि रिकामी नळी मागे राहते. हिलाच लाव्हा नळी म्हणतात. पुढे कधीतरी छत कुठे कुठे कोसळतं आणि आत उतरायला वाट मिळते. बस्तरमधली कोटमसरची गुहा तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. ती चुनखडीची आहे आणि पाण्यानं तिला हळूहळू, हजारो वर्षांत खाल्लंय. लाव्हा नळी उद्रेक चालू असतानाच तयार झालेली असते. कोटमसरला छतावरून लोंबणारे खांब पाण्याच्या थेंबांनी वाढले. इथे छतावर जे थेंबासारखे टोकदार दगड दिसतील, ते वितळलेल्या दगडाचेच ओघळ आहेत.

मैदानावर चालताना दोन प्रकारचा लाव्हा दिसेल. एक गुळगुळीत, दोरखंडाच्या वळ्यांसारखा. दुधावरची साय चमच्यानं एका बाजूला सारली की तिला जशा सुरकुत्या पडतात, तशाच या पडल्यात. वरचं कातडं मऊ असताना खालचा लाव्हा त्याला ढकलत होता. हवाई बेटांवरच्या लोकांच्या भाषेतलं त्याचं नाव जगभर चालतं: पाहोएहोए. दुसरा प्रकार खडबडीत, टोकदार तुकड्यांचा, जणू उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानातली ढेकळं. याचं नाव आआ. तिसरी गोष्ट म्हणजे शंकूच्या टेकड्या. त्या वीटभट्टीतल्या खंगरासारख्या हलक्या, छिद्रं पडलेल्या दगडांच्या आहेत. लाव्हातला वायू कारंज्यासारखा उसळला, त्यानं उडवलेले थेंब हवेतच गार झाले आणि खाली पडून ढीग साचला. ‘इन्फर्नो कोन’ ही त्यातली एक. चढ थोडा पण उभा आहे. तुम्ही, बायको आणि मुलगी वर जा. वरून या टेकड्या एका ओळीत दिसतात. ती ओळ म्हणजे जमिनीतली भेग, ‘ग्रेट रिफ्ट’. आपल्याकडचा लाव्हाही अशाच लांब भेगांतून आला असं मानलं जातं. म्हणूनच महाराष्ट्रात फुजीयामासारखा एकटा डौलदार शंकू शोधून सापडत नाही.

‘क्रेटर्स ऑफ द मून’ म्हणजे चंद्रावरची विवरं; नावातल्या या चंद्राबद्दल मुलगी नक्की विचारेल. १९६९ मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, जो एंगल आणि जीन सर्नन हे अपोलोचे अंतराळवीर दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. पण इथली विवरं ज्वालामुखीची आहेत आणि चंद्रावरची बहुतेक विवरं उल्कांच्या आघातानं झालेली. बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं विवर बघायचं तर ते आपल्याच विदर्भात आहे, बुलढाण्याला, लोणार. तिला सांगा, चंद्राचा नमुना लोणारला आहे आणि लाव्हाचा नमुना आयडाहोत. दोन्ही बघितलेली मुलं फार थोडी असतील.

आता सुरक्षिततेकडे येते. इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. ‘गुहा सुरक्षित आहे का’ याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. कोणती गुहा, कोण जाणार आणि पायात काय, यावर ते ठरतं. तुमच्या घरातले चौघं चार वेगळ्या ताकदीचे आहेत. चौघांनी मिळून एकच गोष्ट करायचा हट्ट धरलात तर दिवस बिघडेल.

‘केव्ह्ज ट्रेल’ नावाच्या वाटेवर चार गुहा आहेत. त्यातली ‘इंडियन टनेल’ ही कुटुंबांसाठी. सुमारे ३० फूट उंच, ५० फूट रुंद आणि ८०० फूट लांब. छत काही ठिकाणी कोसळलंय, त्यामुळे वरून उजेड येतो. उतरायला धातूचा जिना आहे. तुम्ही तिघं आरामात उतराल. पण आत सपाट फरशी नाही. पडलेल्या धोंड्यांवरून तोल सांभाळत जायचं आहे. पलीकडच्या टोकाला एका भोकातून चढून बाहेर पडता येतं. नऊ वर्षांच्या मुलीला ते फार आवडेल. वाकून, हात टेकवून चढायचं नसेल तर आल्या वाटेनं परत या, त्यात कमीपणा काही नाही. ‘ब्यूटी केव्ह’ पूर्ण अंधारी आहे. ‘बॉय स्काउट’मध्ये रांगावं लागतं आणि तिच्या तळाशी उन्हाळ्यातही बर्फ असू शकतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, मूल सोबत असताना, या दोन्हीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय वटवाघळं, बर्फ किंवा दरड यांमुळे एखादी गुहा बंद असू शकते. त्या दिवशीची स्थिती तिथल्या व्हिजिटर सेंटरमध्येच कळेल.

तिथे जायचं आणखी एक कारण आहे. कुठल्याही गुहेत शिरण्याआधी तिथून परवाना घ्यावा लागतो. तो मोफत असतो. ते तुम्हाला विचारतील की हे बूट, हे कपडे, ही बॅग आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत गेली होती का. याचं कारण ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ नावाचा रोग. एका बुरशीमुळे होणाऱ्या या रोगाची नोंद २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाली आणि तेव्हापासून उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली. बुरशीचे कण बुटांना, कपड्यांना चिकटून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकतात. म्हणून साधा उपाय सांगते: जे बूट घालून कोटमसरला किंवा दुसऱ्या कुठल्या गुहेत गेला असाल ते नागपुरातच ठेवा. आणि विचारलं तर खरं सांगा.

उजेडाबद्दल माझा अनुभव ऐका. दुसऱ्या फेरीत मी आणि यजमान ब्यूटी केव्हमध्ये गेलो, दोघांत मिळून एक मोबाइल. दिवसभर फोटो काढून त्याची बॅटरी संपत आली होती, हे आत गेल्यावर लक्षात आलं. उजेड गेला. आपल्याकडे वीज जाते तेव्हाही खिडकीतून काहीतरी उजेड असतो; लाव्हा नळीतला काळोख तसा नसतो, स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. आम्ही जागच्या जागी बसलो. दहा-बारा मिनिटांनी एक कुटुंब आलं आणि त्यांच्या बॅटरीच्या उजेडात बाहेर पडलो. बसण्याआधी यजमानांनी दोन पावलं टाकली होती आणि तेवढ्यात त्यांचं कपाळ छताच्या दगडाला लागून फुटलं होतं. तेव्हापासून माझा नियम असा: माणशी एक डोक्याला बांधायचा दिवा, सगळ्यांत मिळून एक जादा, आणि मोबाइल फक्त फोटोसाठी. डोक्यावर निदान जाड टोपी, हेल्मेट मिळालं तर उत्तमच.

बुटांबाबत मी हट्टी आहे. चप्पल, सँडल, कापडी बूट, काहीही चालणार नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळव्याचे बूट हवेत. ताज्या लाव्हाची धार काचेसारखी असते. १९२० मध्ये रॉबर्ट लिम्बर्ट नावाच्या माणसानं एका सोबत्यासह हा प्रदेश पायी पार केला, ८० मैल, १७ दिवस. बरोबर कुत्रा होता. त्याचे पंजे इतके रक्ताळले की पुढे त्याला उचलून न्यावं लागलं. लिम्बर्टच्या लेखांनी आणि फोटोंनी या जागेकडे लोकांचं लक्ष गेलं आणि १९२४ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मुलीला ही गोष्ट सांगा, बूट घालायला कुरकुर करणार नाही. हातमोजेही द्या, बागकामाचे साधे चालतात. पडताना माणूस आधी हातच टेकवतो.

उन्हाबद्दल नागपूरकरांना सांगायला मला संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. मी जुलैत गेले होते. मनात हेच की आम्ही मे महिन्यात ४५ अंशांत बाजारहाट करतो, हे ऊन ते काय. दुपारी दोनच्या सुमाराला डोकं भणभणायला लागलं आणि पुढचा सगळा वेळ गाडीत पडून काढला. कारण नंतर लक्षात आलं. तिथली उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. हवा कोरडी आणि वारा सतत, त्यामुळे घाम येताच सुकतो आणि तहान लागल्याचं कळतच नाही. हवेचं तापमान नागपूरपेक्षा बरंच कमी असतं, म्हणून आपण बेसावध राहतो. आणि पायाखालचा काळा लाव्हा कडक उन्हात ६५ अंशांच्या वर तापतो. सावलीला झाडं फार थोडी. पाणी व्हिजिटर सेंटरपाशी आणि शेजारच्या तंबूतळावर मिळतं, पुढे कुठे नाही. खायलाही आत काही विकत मिळत नाही. म्हणून माणशी दोन लिटर पाणी, दशम्या किंवा पराठे, चिवडा, मीठ-साखरेच्या पुड्या आणि डोक्याला बांधायला आपला दुपट्टा. दुपट्ट्याइतकी चांगली टोपी अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात मिळाली नाही मला. पेट्रोलची टाकी भरूनच शेवटच्या टप्प्याला लागा. सगळ्यात जवळचं गाव आर्को, १८ मैलांवर, आणि ते बॉइसीच्या उलट दिशेला आहे. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या.

गुहेत मात्र उलट. थंड हवा जड असते, ती खाली उतरून बसते आणि बेसॉल्ट उष्णता लवकर आत सोडत नाही. बाहेर भाजत असताना आत स्वेटर लागतो. मुलीचा पातळ स्वेटर पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

आता आई. तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांपूर्वी त्यांनी पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा पायी केली होती आणि त्याच आठवणीवर त्या ‘मी पण गुहेत येईन’ म्हणतायत. त्यांचा उत्साह मला फार आपला वाटतो, माझे गुडघे आता ६३ वर्षांचे आहेत. पण पचमढीचा वालुकाश्म पायाला पकड देतो आणि यात्रेत धरायला चार हात असतात. इथे धोंडे हलतात. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. माझा सल्ला असा की जिन्यापर्यंत त्यांना नेऊच नका, कारण तिथवर पोचल्यावर ‘आता आलेच आहे तर’ होतं. तुम्ही तिघं इंडियन टनेलला जाल तेव्हा भाऊ आणि आई ‘डेव्हिल्स ऑर्चर्ड’ला जाऊ दे. अर्ध्या मैलाची, व्हीलचेअरही जाईल अशी वाट आहे. दोन्ही बाजूंना लाव्हाचे मोठमोठे सुळके आहेत, जे टेकडी फुटून लाव्हाबरोबर वाहत आले. त्या तिथे जितकं बघतील तितकं गुहेतही दिसणार नाही. मग सगळे मिळून ‘स्पॅटर कोन्स’ला, म्हणजे लाव्हाचे शिंतोडे साचून झालेल्या छोट्या शंकूंकडे जा. गाडीतून उतरून थोडंसंच चालायचं आहे. त्यातल्या एकाचं नाव ‘स्नो कोन’. त्याच्या तोंडातून खाली डोकावलं की उन्हाळ्यातही तळाशी बर्फ दिसतो. काळ्या दगडाच्या विहिरीत पांढरा बर्फ. आईंना हे दाखवाच.

दिवस कसा बसवायचा तेही सांगते. पहाटे सहाला बॉइसी सोडा, नऊच्या सुमाराला पोचाल. आधी व्हिजिटर सेंटर: परवाना, पाणी, आणि मुलीसाठी ‘ल्यूनर रेंजर’ची पुस्तिका. मुलांनी त्यातल्या गोष्टी शोधून-लिहून दाखवल्या की तिथले रेंजर त्यांना ल्यूनर रेंजर म्हणून नाव देतात. माझा नातू त्या एका पुस्तिकेमुळे दिवसभर दगडांकडे बघत राहिला. मग ऊन चढायच्या आत गुहा, कारण गुहांकडे जाणारी वाट उघड्या लाव्हावरून आहे. साडेअकरा-बाराला सावली शोधून जेवण. दुपारी गाडीतूनच सात मैलांचा लूप रोड, मध्ये मध्ये उतरून. इन्फर्नो कोन जेवणाआधी जमला तर बरा. हा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे गाड्यांना बंद असतो, साधारण एप्रिलच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत उघडा. जून त्यात येतोच.

जूनचं आणखी एक सुख आहे. त्या राखेसारख्या काळ्या जमिनीवर ठरावीक अंतर सोडून, कुणीतरी मापून लावल्यासारखी, करड्या पानांची बुटकी झुडपं दिसतील. जमिनीवर चार बोटं उंच, पण मुळं चारही बाजूंना दोन-तीन फूट पसरलेली. पाणी इतकं कमी की दोन झुडपांना जवळ राहणं परवडत नाही. मूळ न दिसताच त्याचा हिशेब जमिनीवर दिसतो. कोरडवाहू कापसाची ओळ बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं. म्हणून वाट सोडून पाय ठेवू नका. एक पाऊल त्यातलं एक झुडूप मारतं आणि ते पुन्हा उभं राहायला फार वर्षं जातात.

आईंची भीती. आज तिथे कुठेही वाहता लाव्हा नाही, धूर नाही, गंधकाचा वास नाही. शेवटचा उद्रेक सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा. शास्त्रज्ञ त्याला मेलेला ज्वालामुखी मानत नाहीत. मागचे उद्रेक साधारण तेवढ्याच अंतरानं झालेत आणि पुढे कधीतरी पुन्हा होतील. पण लाव्हा वर यायला लागला की आधी जमीन हादरते आणि ते हादरे यंत्रांवर नोंदले जातात. त्या हवाईला किलाउआ बघायला निघाल्या असत्या तर मी वायू, बंद रस्ते आणि दमा याबद्दल वेगळं उत्तर दिलं असतं. इथे त्यांना काळजी करायची ती फक्त पायांची नि पाण्याची. आणि त्यांना एक गोष्ट सांगा. तिथल्या मूळच्या शोशोनी लोकांत एक कथा आहे: डोंगरावर एक मोठा साप झोपला होता, विजेनं त्याला चिडवलं, त्यानं डोंगराला वेटोळं घालून आवळलं, आणि डोंगर वितळून वाहायला लागला. नाग नदीच्या गावातल्या, नागद्वारला जाऊन आलेल्या बाईला ही कथा परकी वाटणार नाही.

राहिला मुलीचा दगड. तिथून काहीही उचलून आणता येत नाही, खडाही नाही. कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे. त्याऐवजी हे करा. निघण्याआधीच्या त्या रविवारी सेमिनरी हिल्सच्या पायथ्याला गिट्टीचा एक तुकडा उचलून तिच्या हातात द्या, साध्या भिंगातून त्यातली बारीक छिद्रं आणि पांढऱ्या खनिजानं भरलेले ठिपके बघू द्या, आणि त्याचा फोटो काढा. आयडाहोत ब्लू ड्रॅगनचा पृष्ठभाग जवळून बघायला लावा. छिद्रं तीच असतील, फक्त रिकामी, आणि उन्हात निळसर झाक मारणारी. त्याचाही फोटो काढा, शेजारी तिचा हात धरून, म्हणजे आकार कळेल. ती छिद्रं भरायला पाण्याला किती वेळ लागला असेल, हे तिनं विचारलं तर मला कळवा, त्यावर मला बरंच सांगायचं आहे.